ह आलाच नाही

"बाळा, आज ह आलाच नाही."

भंडगेबाई माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. हातात छापील यादी, कानावर लाल पेन्सिल. मी मोबाईलकडे डोळे लावून बसले होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्याचा तो माझा पहिलाच सोमवार. घरी सहा महिन्यांची रेवा होती आणि सासूबाईंचा अर्ध्या तासात एकही मेसेज आला नव्हता.

"कोण ह, बाई?"

"कोण काय कोण? श ष स ह मधला ह. हारगे, हवालदार, होनमाने. दर सोमवारी चार-पाच असतातच की. आज यादी स वरच संपलीय. क्षीरसागर नाही, ज्ञानमोठे नाही."

मला हसू आलं. "बाई, संगणकाची वर्णमाला तुमच्या बालवाडीतली नाही. तो क्षला कमध्ये धरतो आणि ज्ञला जमध्ये. वर बघा, सापडतील."

बाईंनी चष्मा सारखा केला, बोट फिरवत पहिलं पान पाहिलं. "अगंबाई, होय की. क्षीरसागर इथं कोळेकरांच्या मागं जाऊन बसलाय." मग म्हणाल्या, "पण ह?"

"नसतील या आठवड्यात. सगळ्या होनमान्यांनी दर आठवड्याला बाळंत व्हायलाच पाहिजे का?"

तेवढ्यात मोबाईल थरथरला. रेवानं पेज थुंकली होती. मी उठून व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा बाई आपल्या जागेवर जाऊन फोन लावायला लागल्या होत्या. माझं अर्धं उत्तर खरं निघालं होतं, त्यामुळे बाईंनी उरलेलंही खरं धरलं. मीही धरलं.

आमची प्रयोगशाळा मिरजेतल्या एका ट्रस्टची. आसपासच्या तालुक्यांतल्या प्रसूतिगृहांतून नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताचे थेंब जाड कागदावर वाळवून आमच्याकडे येत. त्यांची तपासणी व्हायची, मुख्य म्हणजे थायरॉईडची. ती ग्रंथी जन्मतःच नीट चालत नसेल तर बाळ वरून अगदी धडधाकट दिसतं. पंधरा दिवसांच्या आत गोळी सुरू झाली तर ते पुढेही इतर चार मुलांसारखंच वाढतं. उशीर झाला तर मेंदूची वाढ अडते, आणि अडलेलं सगळं पुन्हा भरून येत नाही.

ज्या बाळांचा नमुना नीट नसे किंवा आकडा संशयाचा असे, त्यांची यादी दर सोमवारी सकाळी दहाला छापली जायची. नव्वद-शंभर नावं असायची. बाळांना नावं नसतात, म्हणून आईचं आडनाव, आईचं नाव आणि पुढे 'यांचे बाळ'. ज्यांना ताबडतोब बोलवायचं त्यांच्यापुढे चांदणी. यादीतल्या प्रत्येक घरी भंडगेबाई फोन करत. तीस वर्षं बालवाडीत काढलेली बाई. घाबरलेल्या आईशी कसं बोलावं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाकीच्या आयांना फोन जात नसे. प्रसूतिगृहात मिळणाऱ्या पावतीवर तसं छापलेलंच होतं: 'आमचा फोन आला नाही, तर आपले बाळ ठीक आहे असे समजावे.'

या सगळ्या नोंदी एका सर्व्हरवर होत्या आणि तो सर्व्हर माझ्या ताब्यात होता. सांगलीच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेतलेली मी तिथली एकटीच.

पुढच्या सोमवारी ह आला. त्याच्या पुढच्याही. मग एकदा यादी व वर थांबली, तेव्हा बाईंनी नुसतंच लांबून माझ्याकडे पाहिलं. मी पंप घेऊन आतल्या खोलीत दूध काढायला निघाले होते.

आठव्या सोमवारी मात्र त्या यादी घेऊन थेट माझ्या खुर्चीशी आल्या.

"आता हे बघ. मोरे, मोहिते, आणि खाली कोरं. य र ल व सगळी बाळं एकदम ठणठणीत निघाली म्हणायची का?"

पान अर्धंच भरलेलं होतं. त्याच्याखाली नीटनेटक्या अक्षरात 'यादी समाप्त'.

मी सर्व्हरची नोंदवही उघडली. वही म्हणजे, सर्व्हर स्वतःच दिवसभर लिहीत असतो ती. शेवटच्या पानावर एकच ओळ पुन्हा पुन्हा, पंधरा-वीस वेळा.

"काय म्हणतोय?" बाईंनी माझ्या शेजारी स्टूल ओढलं.

"म्हणतोय, मेमरी मागितली, पण मिळाली नाही."

"कुणी मागितली?"

"डेटाबेसनं. यादी काढायची तर त्याला थोडी मोकळी जागा लागते. पाच-पाच नावं काढतो, ती मांडायला. पंच्याहत्तर नावांपर्यंत जागा मिळाली. पुढं नाही."

"मग वाढवून दे की जागा."

मलाही तेच सुचलं होतं. मी डेटाबेसच्या वाट्याची मेमरी वाढवली आणि तो बंद करून सुरू करायला गेले, तर तो सुरूच होईना. यंत्रात सगळी मिळून आठ जीबी, आणि मी एकट्या त्याला सात देऊन बसले होते. बाकीच्यांनी जायचं कुठं? आतून आमच्या प्रमुख डॉ. मुजावरमॅडमनी विचारलं, "केतकी, रिपोर्ट उघडत नाहीत गं?" मी "पाच मिनिटं मॅडम" म्हणाले आणि घाम पुसत आकडा पूर्वीचा केला. डेटाबेस सुरू झाला. बाईंनी लगेच यादी काढून पाहिली. ह हजर होता.

"झालं की!"

"नाही झालं, बाई. नुसतं उठून बसलाय. पुन्हा झोपणार." मी पडद्यावरचा आलेख त्यांना दाखवला. वापरलेली मेमरी मिनिटामिनिटाला वर सरकत होती. कुणी काही काम करत नव्हतं, तरी.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे लग्नातल्या पंगतीसारखं झालंय. जेवण झालं तरी कुणी पानावरनं उठत नाही. मग दुसरी पंगत बसणार कुठं?"

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. इतकं नेमकं मला कुणा इंजिनियरनं सांगितलं नसतं. डेटाबेसशी जो कुणी बोलायला येतो तो एक जोडणी उघडतो, आणि काम झालं की ती बंद करून जातो. जायला हवा. मी उघड्या जोडण्यांची यादी मागवली. आमचे संगणक होते सहा. जोडण्या दिसत होत्या एकशे बारा, आणि त्यातल्या शंभराहून जास्त एकाच पत्त्यावरून आलेल्या.

"हा पाहुणा कोण?" बाई म्हणाल्या.

तो पत्ता आमच्या कुठल्याच संगणकाचा नव्हता. मी एकेक वायर हुडकत निघाले, बाई माझ्या मागे. वायर व्हरांड्यातून पुढच्या दालनात गेली आणि तिथं भिंतीवर चढली. वर मोठा टीव्ही. फुलांच्या नक्षीत सोनेरी अक्षरं, 'आजवर तपासलेली बाळे', आणि खाली पळता आकडा. ट्रस्टी पावसकरसाहेबांची हौस. माझ्या सातव्या महिन्यात त्याचं उद्घाटन झालं होतं. पेढे मीही खाल्ले होते. तो टीव्ही दर दहा सेकंदांनी डेटाबेसला आकडा विचारायचा, दर वेळी नव्या पानावर बसून, आणि उठायचा कधीच नाही.

मी प्लग काढला. परत येऊन पाहिलं तर आलेख खाली आला होता आणि खालीच राहिला. मी बाईंचा हात धरला. त्या हसल्या. मग एकदम हसू थांबवून म्हणाल्या, "आणि मागच्या याद्या?"

बाईंनी प्रत्येक सोमवारची छापील यादी फायलीत लावून ठेवली होती, लाल खुणांसकट. मी एकेका सोमवारची यादी डेटाबेसमधून पुन्हा काढली. त्या नाव वाचत, मी खूण करी. सात सोमवारांपैकी चार पूर्ण होते. रविवारी वीज जाऊन आली की सर्व्हर आपोआप बंद होऊन सुरू व्हायचा, त्या आठवड्यांत ह नशीबवान ठरला होता. बाकीच्या तिन्हींत मिळून चौदा नावं कागदावर आलीच नव्हती. तेरा नावांपुढे 'नमुना अपुरा' असा साधा शेरा होता.

एकापुढे चांदणी. पहिल्या सोमवारची. होनमाने, रूपाली, यांचे बाळ. जत तालुका. मुलगा.

"किती दिवसांचं?" मी विचारलं, खरं तर आकडा समोरच होता.

"तेव्हा अकरा," बाई म्हणाल्या. "आज साठ."

फोन बाईंनीच लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"रूपाली का गं? मी मिरजेहून बोलतेय, बाळाच्या तपासणीच्या ठिकाणाहून. बरी आहेस ना?"

"बरी हाय की. तुमी कोन म्हनला?"

"भंडगेबाई. बाळ कसंय?"

"बाळ झ्याक हाय बाई. लई गुणाचं हाय. रडत न्हाई, का कटकट न्हाई. रातभर निजतंय. प्यायलासुदिक मीच उठवती त्येला. समदी म्हनत्यात, असलं शानं प्वार बघितलं न्हाई."

बाईंनी डोळे मिटून घेतले. आवाज मात्र तसाच ठेवला. "उद्या त्याला घेऊन मिरजेला येशील? एक तपासणी पुन्हा करायचीय."

"का वं? काय निघालंय का? पन तुमच्या पावतीवर लिवलंय की, फोन न्हाई आला तर बरं हाय. आमी वाट बघितली पंधरा दिस. फोन न्हाई आला. मग ह्येंनी पेढं वाटलं."

माझ्या छातीत दूध दाटलं. रेवाच्या पिण्याची वेळ झाली होती. ब्लाऊज ओला झाला आणि मी फाईल छातीशी धरून तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपाली आली. वीस-एकवीस वर्षांची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. नवरा बरोबर, हातात खाऊची पिशवी. बाळ कुंचीत गुंडाळलेलं, पिवळसर, जिभेचं टोक ओठांबाहेर आलेलं. डॉ. मुजावरमॅडमनी त्याला टेबलावर ठेवलं, टाचेला सुई टोचली. मी दारात उभी होते आणि मनातल्या मनात त्याला म्हणत होते, रड रे, रड. रेवाला साधा टोपीचा बंद टोचला तर गल्ली गोळा व्हायची. त्यानं जरासं तोंड वाकडं केलं, कोंबडीच्या पिलासारखा एक बसका आवाज काढला, आणि पुन्हा डोळे मिटले.

"बघा," रूपाली कौतुकानं म्हणाली, "सुईला बी रडला न्हाई."

मॅडमनी त्याच दिवशी गोळी सुरू केली. कुटून, आईच्या दुधातून. रूपालीला सगळं सावकाश समजावून सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आदी आलो असतो तर?" मॅडम म्हणाल्या, "आता रोज न चुकता द्यायची. मोठा होईपर्यंत बघत राहू." प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, हे तिला कळलं असावं. तिनं कुंचीची नाडी पुन्हा बांधली, जरा जास्तच घट्ट.

शुक्रवारी पावसकरसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, मॅडम, बाई आणि मी. साहेबांना टीव्हीचं फार लागलं होतं. "म्हणजे त्या टीव्हीवाल्या पोरांनी आपला गळा कापला," असं ते दोनदा म्हणाले. मॅडमना मात्र दुसरंच काही विचारायचं होतं.

"केतकी, एक कळत नाही. यादी मधेच तुटली तर संगणक सांगतो ना? पूर्वी ती लाल चौकट यायची. यादी अपूर्ण, पुन्हा काढा, असं काहीतरी. मी स्वतः पाहिलीय."

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या. अगदी सहज, माझी बाजू घेतल्यासारख्या.

"ती चौकट पूर्वी फार यायची मॅडम. हिला आठवा महिना, तरी मी हिला सारखी बोलवायची. पण रजेवर जाण्याआधी हिनं ते दुरुस्त केलं ना! तेव्हापासनं एकदाही आली नाही. मी तर सगळ्यांना सांगत होते, पोरगी जाता जाता काम करून गेली."

मी दुरुस्त काहीच केलं नव्हतं. आठव्या महिन्यात पायांना सूज होती आणि बाई दिवसातून तीन-तीनदा हाक मारायच्या, "केतकी, लाल चौकट आली गं!" रजेत घरी फोन येतील, बाळ नुकतंच झोपलेलं असताना येतील, या विचारानंच मला धडधडायचं. शेवटच्या दिवशी दुपारी मी यादीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. अडचण आली तर चौकट दाखवू नकोस. मिळाली तेवढी नावं छाप आणि खाली 'यादी समाप्त' लिही. ओळीपुढे तारीख आणि माझी आद्याक्षरं होती. बदली येणाऱ्या माणसासाठी चिठ्ठी ठेवली: दर सोमवारी कामाआधी सर्व्हर बंद करून सुरू करणे. कारण लिहिलं नाही. तो बिचारा सात महिने नेमानं करत राहिला, म्हणून माझ्या रजेत ह कधी चुकला नाही. मी परतले आणि रेवाला पाजून यायला रोज साडेदहा वाजायला लागले. यादी दहाला निघायची. माझीच चिठ्ठी मी पाळली नाही.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे का?" मॅडमनी विचारलं.

"टीव्हीमुळं झालं सगळं, मॅडम," मी म्हणाले. "मेमरी त्यानंच खाल्ली."

यात खोटा एकही शब्द नव्हता.

साहेब बाईंकडे वळले. "पण बाई, याद्या तुमच्या हातातून जातात. आठ आठवडे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे ठाऊक असताना शिक्षक थांबतात ना, तशा थांबल्या. मी मोबाईल उचलला. त्यावर काहीही आलं नव्हतं.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ काढून टाकली. पावतीवरचं वाक्यही पुढे बदललं. आता प्रत्येक आईला फोन जातो, बाळ ठीक असलं तरी. ते मीच लावून धरलं आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. भंडगेबाईंनी महिन्याभरात काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाल्या.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. रेवा तिसरीत आहे, बोलायला लागली की थांबत नाही. रूपालीच्या मुलाचं नाव बिरुदेव. मी त्याला त्या दिवसानंतर कधी पाहिलं नाही. बाई मात्र जत्रेला, सुट्टीला जातात, पाटी-पेन्सिल घेऊन. त्यांच्याकडून कळतं. पळण्यात पहिला येतो. शेळ्या एकटा सांभाळतो. पहिलीत दुसऱ्यांदा बसलाय. अक्षर ओळखतो, दुसऱ्या दिवशी सुटतं. हे त्या एकोणपन्नास दिवसांमुळे की आणखी कशामुळे, मॅडम म्हणतात, कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. एवढ्याच फटीत मी आठ वर्षं उभी राहिले.

गेल्या महिन्यात बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती ओळ, ती चिठ्ठी, तो शुक्रवार. बाई लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही.

"चौकटीचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण तू त्या दिवशी बोलली असतीस तर मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते गं. पहिलटकरीण होतीस. घाबरलेली होतीस." मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत म्हणाल्या, "रूपालीला सांगितलंस?"

नाही सांगितलं. पुढच्या रविवारी जतला जाणार आहे. हे लिहिते आहे ते त्याआधी, नाहीतर पुन्हा मोबाईल उचलेन.

तोवर तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या नात्यात, शेजारी, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरी नुकतंच कुणी बाळंत झालं असेल. बाळ फार शहाणं आहे, त्रास म्हणून देत नाही, असं सगळे कौतुकानं सांगत असतील. आजच जाऊन या. त्याच्या आईला विचारा, टाचेचं रक्त घेतलं होतं का, आणि त्याचा कागद कुठं आहे. "फोन आला नाही" असं ती म्हणाली तर ते उत्तर धरू नका. आणि निघण्यापूर्वी बाळाला एकदा मांडीवर घ्या. रडतं का, बघा.